हरभऱ्याच्या जागलीत वाचलेला महाकाय राक्षसांचा कथासंग्रह

पुस्तक मागवल्यावर पंधरा दिवसांनी हातात पडलं, कारण पार्सल आमच्या गावापर्यंत येतच नाही, वरोऱ्याला जाऊन उचलावं लागते आणि पार्सलवाल्या पोरानं दोनदा फोन न करताच घरी कोणी नाही असं लिहून परत पाठवलं. तो राग पुस्तकावर काढायचा नाही म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. पुस्तक चांगलं आहे. सगळं नाही, पण जेवढं चांगलं आहे तेवढं लय चांगलं आहे.

वाचलं कुठे ते सांगतो म्हणजे पुढचं समजेल. सध्या हरभरा घाट्यावर आहे, म्हणजे रात्रभर जागल. झटका मशीन लावली आहे पण डुकरं तारेखालची माती उकरून आत घुसतात, म्हणून मी आणि माझा चुलतभाऊ पाळीपाळीनं मचाणावर बसतो, डोक्याला बॅटरी बांधून, हाताशी रिकामा तेलाचा डबा आणि काठी. अकरा ते तीन माझी पाळी. मोबाईल पाहिला की डोळे मिटतात, पुस्तक असलं की मिटत नाहीत. तर चौदा कथा मी सहा रात्रीत वाचल्या, आणि दहिवरानं पुस्तकाची पानं अशी फुगली की आता ते बंदच होत नाही.

चौदापैकी नऊ भाषांतरित आणि पाच मुळातच मराठीत लिहिलेल्या आहेत. सगळ्यात एक तरी अवाढव्य जनावर आहे. समुद्रातून निघालेलं, जमिनीखालून निघालेलं, एका कथेत तर ढगात राहणारं. जपानीत अशा जनावरांना कायजू म्हणतात, म्हणजे विचित्र पशू, आणि फारच मोठं असलं तर दायकायजू. हे सगळं प्रस्तावनेत आहे, प्रस्तावना वाचा, टाळू नका, तिच्यावर माझं भांडण आहे ते पुढे सांगतो.

अशी जनावरं आपल्या लोकांना नवीन वाटतात पण विदर्भातल्या माणसाला वाटू नयेत. आपल्याकडे मारबत आहे ना. नागपुरात १८८० च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत काढतात, एवढ्या मोठ्या बाया कागदा-बांबूच्या, आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवून जाळतात. खेड्यात तेवढी मोठी मूर्ती नसते, आमच्याकडे पोळ्याला दारात पळसाचे मेढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते उचलून पोरं बोंबलत शिवेवर नेतात, खोकला घेऊन जा गे मारबत, ढेकूण-डास घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. लहानपणी मीही गेलो आहे, पहाटे अनवाणी. म्हणजे गावाला जे छळून राहिलं ते एका मोठ्या अंगावर लादायचं आणि ते अंग गावाबाहेर न्यायचं. या पुस्तकातल्या ज्या कथा जमल्या त्या याच्याचमुळे जमल्या असं मला वाटते, त्यांच्या राक्षसाच्या पाठीवर कुठल्यातरी गावाचं नेमकं दुखणं आहे. ज्या फसल्या त्यात राक्षस फक्त मोठा आहे, किती मजली ते सांगितलं आहे, बाकी पाठ रिकामी.

सगळ्यात भारी कथा सातवी. मराठीच आहे. एका सकाळी गायरानावर एक जनावर मरून पडलेलं दिसते, शाळेच्या भिंतीपासून नदीपर्यंत लांब. कुठून आलं, काहून मेलं, काहीच कळत नाही आणि लेखक ते सांगायच्या भानगडीतही पडत नाही. पहिल्या दिवशी लोक फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी पुढारी येऊन जातो, तिसऱ्या दिवशी वास सुटतो. पाचव्या दिवशी ग्रामसभा. तिथे कोणी काही म्हणत नाही. फक्त एकेक जण बोलता बोलता गप्प होतो आणि सगळ्यांच्या माना हळूहळू मागच्या रांगेकडे वळतात, जिथे खालच्या वस्तीचे लोक बसले आहेत. बस, एवढंच, माना वळतात. मी मचाणावर ते वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवलं, बराच वेळ उचललं नाही.

कारण मी त्याच वस्तीतला आहे. मेलेली ढोरं ओढणं हे आमच्या लोकांवर लादलेलं काम होतं, १९२७ च्या मार्चात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडा म्हणून सांगितलं. माझे आबाजी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या दीक्षेला गेले होते, नागपूरच्या दोन दिवसांनंतर झाली ती. ते बैलाचे कासरे स्वतः वळायचे, लय सुंदर वळायचे, पण जाड सोल, म्हणजे दोरखंड, घरात ठेवू द्यायचे नाहीत. विहिरीत बकरी पडली तरी दुसऱ्याच्या घरून मागून आणायचा आणि काम झालं की लगेच परत. काहून ते मला बारावीत कळलं, तेही आईकडून.

कथेत एक म्हातारा आहे. तो उभा राहतो आणि म्हणतो, आमी सोडलं ते, आणि बसतो. मग गावाला स्वतः दोर धरावा लागते. ज्यांनी जन्मात मेलेलं जनावर ओढलं नाही ते लोक त्या डोंगराएवढ्या अंगाला दोर बांधून राहिले आहेत आणि गाठ बसत नाही, ओढलं की सुटते, ओढलं की सुटते. म्हातारा बांधावर उभा राहून पाहते. त्याला गाठ कुठे चुकते ते दिसते, लहानपणी बापासोबत त्यानं ती शेकडो वेळा बांधली आहे, बोटं आपोआप हलायला लागतात. आणि तो दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घालतो. कथा तिथेच संपते.

ही कथा मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. खिशाचं वाक्य आलं तेव्हा तिनं तवा खाली उतरवला आणि म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तक्रार एकच, सुरुवातीला जनावराचे दात किती, शिंगं किती, खवले कसे यात दोन पानं गेली आहेत, त्याची गरज नव्हती, वास लिहिला तेवढा पुरत होता. वास मात्र असा लिहिला आहे की माणूस सांजचं जेवण लांबवेल.

दुसरी आवडलेली कथा पंचनाम्याची. तीही मराठी. रातच्याला काहीतरी वावरातून चालत गेलं, कोणी पाहिलं नाही, फक्त पाऊल उमटलं आहे, एक एकराचं एक पाऊल, त्यात सगळी तूर जमिनीत दाबलेली. शेतकरी नुकसानभरपाईचा अर्ज करते. ज्यानं वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा अर्ज कधी भरला आहे त्याला ही कथा पानोपानी ओळखीची वाटेल, सातबारा आणा, पंचनामा तिघांच्या सह्यांनी, फोटो जनावरासकट आहे का, आणि कोणत्या जनावरानं केलं त्याचं नाव लिहा. डुक्कर लिहिलं तर एवढं नुकसान डुक्कर करत नाही, रोही, म्हणजे नीलगाय, लिहिलं तर रोह्याचं पाऊल असं नसते, खरं लिहिलं तर यादीत नाव नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी तुरीचा असाच अर्ज केला होता तेव्हा माणूस पाहायला आला तोपर्यंत आम्ही वावर नांगरून टाकलं होतं, थांबणार किती. कथेतला शेतकरी थांबते. पावसाळा येते, पाऊल पाण्यानं भरते, तो त्यात मासोळीचं बीज सोडते. पुढच्या वर्षी साहेब मोजायला येतात तेव्हा तिथे तळं आहे, आणि आता प्रश्न असा की तळ्याची परवानगी घेतली होती का. राक्षस एकदाही दिसत नाही आणि तरी सगळ्या पुस्तकात सगळ्यात मोठा तोच वाटला मला. एक एकर म्हणजे किती हे शेतकऱ्याच्या पायाला माहीत असते, पन्नास मजली म्हटलं की काहीच डोळ्यापुढे येत नाही.

भाषांतरित कथांमध्ये मासेमारी बंदराची कथा वाचाच. जपानातलं याइझू बंदर, साल १९५४. खरी घटना अशी की त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, १५ मेगाटनांची, शास्त्रज्ञांनी धरला होता त्याच्यापेक्षा स्फोट कितीतरी मोठा झाला, आणि लांब समुद्रात असलेल्या एका मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर २३ लोक. बोट याइझूला परत आली तेव्हा सगळे आजारी, आणि त्यांचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पहिला गॉडझिला सिनेमा लागला. म्हणजे आपण ज्याला पोरांचा सिनेमा समजतो तो आठ महिन्यांपूर्वीच्या राखेतून उठलेला आहे. कथा त्या बंदरावर बर्फ फोडणाऱ्या एका पोराची आहे. टुना मासळी आली आहे पण कोणी घेत नाही, किरणोत्सर्ग मोजायची पेटी जवळ नेली की कटकट आवाज करते, आणि मासळी खड्डा खणून पुरतात. तेव्हा मासळी खरंच पुरली होती, टोकियोच्या बाजारात. पोराला रोज संध्याकाळी लांब पाण्यात एक उंचवटा दिसते, रोज थोडा जवळ. तो कोणाला सांगत नाही कारण आधीच गावाची मासळी कोणी घेत नाही, त्यात अजून हे सांगितलं तर. हे न सांगणं मला फार खरं वाटलं. आमच्याकडे वाघ दिसला तरी लोक दोन दिवस बोलत नाहीत, कापूस वेचायला बाया येणार नाहीत म्हणून.

आता प्रस्तावनेवरचं भांडण. संपादकानं समजावून सांगितलं आहे की एवढी जनावरं खरी असूच शकत नाहीत, आणि ते बरोबर आहे. उंची दुप्पट केली तर हाडाची जाडी, म्हणजे कापलं तर दिसेल तो गोल, चौपट होते, पण वजन आठपट होते. दहापट उंच केला तर हाड शंभरपट आणि वजन हजारपट, म्हणजे पहिल्या पावलालाच मांडी मोडते. गॅलिलिओनं हे १६३८ मध्ये लिहून ठेवलं आहे आणि हाल्डेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये पुन्हा सोपं करून लिहिलं. प्रस्तावना इथवर छान आहे. मग खरोखर मोठी जनावरं कुठे होती ते सांगताना संपादक अमेरिका फिरून आले, अर्जेंटिना फिरून आले, आणि आमचा वरोरा तालुका त्यांना दिसला नाही!

डोंगरगाव. इथेच, चंद्रपूर जिल्हा. १९८४ ते ८६ च्या दरम्यान तिथल्या टेकडीतून एका डायनासोरचा सांगाडा निघाला, साधारण १८ मीटर लांब, डोकं आणि मागचे पाय नाहीत पण मान, पाठ, शेपूट, पुढचा पाय आहे, भारतात एकाच जनावराची एवढी हाडं सोबत मिळणं सोपं नाही. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी त्याचा अभ्यास केला, १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी वर्णन छापलं, आणि २००३ मध्ये त्याला त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीसॉरस नाव मिळालं. आणि आता मजा पाहा, तो हाल्डेन, ज्यानं राक्षसाची मांडी मोडेल म्हणून लिहिलं, तो १९५७ मध्ये इंग्लंड सोडून याच संस्थेत कामाला आला होता. ज्या संस्थेत तो बसला त्याच संस्थेचं नाव पुढे आमच्या डोंगरगावच्या जनावराला लागलं. एवढा धागा हातात असून प्रस्तावनेत एक ओळ नाही.

आणि पिसदुरा. तोही आमच्याच तालुक्यात. तिथे वावरात दगड झालेलं शेण सापडते, डायनासोरचं, लहानपणी आम्ही ते गोट्या म्हणून वेचायचो. २००५ मध्ये त्या शेणात गवताचे अंश सापडले. तोपर्यंत असं मानत होते की डायनासोर गेल्यावर बऱ्याच काळानं गवत आलं. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी इथे चरून गेलेल्या जनावराच्या शेणानं ती समजूत खोटी पाडली, आणि त्याच जमिनीत मी आज हरभरा राखून राहिलो आहे डुकरांपासून. रात्री दोन वाजता हे आठवलं की बॅटरी बंद करून नुसतं अंधारात पाहत बसावं वाटते. पुढच्या आवृत्तीत कोणीतरी डोंगरगाववर कथा लिहा, हात जोडून सांगतो.

कोळशाच्या खाणीची एक कथा आहे, तिच्याकडून लय अपेक्षा होती कारण माजरी-भद्रावतीकडे आमचे अर्धे नातेवाईक खाणीत आहेत. कल्पना चांगली, कोळशाचा थर म्हणून जे खोदून राहिले ते गरम लागते आणि श्वास घेते. पण लेखकानं खाण पाहिलेली नाही. उघड्या खाणीत मध्यरात्री ब्लास्टिंग दाखवलं आहे. ब्लास्टिंग दिवसा होते, आधी भोंगा वाजते, लोक कामं सोडून घराबाहेर येतात आणि भिंतीला गेल्या वर्षीची भेग होती तिथून पुन्हा माती पडते. हे लिहिलं असतं तर राक्षसाची गरजच अर्धी कमी झाली असती. आणि ओबीचे ढिगारे, खाणीतून काढलेल्या मातीचे ते डोंगर, रात्री त्यावर डंपरचे दिवे वर चढतात तेव्हा ते डोंगर खरंच जिवंत वाटतात, त्याचा एक शब्द नाही. शेवट तर दोन पानात गुंडाळला आहे.

बाकीचं पटकन सांगतो. शहरात दोन राक्षस भांडतात ती कथा चाळीस पानांची आहे, हेलिकॉप्टर, धूर, किंकाळ्या, मी मधली पानं उलटवली आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही. ढगातल्या जनावराची कथा सुंदर आहे पण ती कथा नाही, कविता आहे. राक्षसाच्याच तोंडून सांगितलेली एक आहे, ती जमली नाही, तो फार शहाण्यासारखं बोलते. बेटावरच्या म्हातारीची आहे ती पोरांना वाचून दाखवायला उत्तम, भीती कमी आणि माया जास्त. माझ्या नवव्या वर्गातल्या भाचीनं ती दोनदा वाचली.

भाषांतराबद्दल बोललं पाहिजे. दोन-तीन कथांचं भाषांतर चांगल्या माणसाच्या हातून झालं आहे, बंदराची त्यातलीच, पोराच्या आईचं बोलणं आपल्या घरातलं वाटते. पण काही कथांत लोक सारखे खांदे उडवतात आणि भुवया उंचावतात. कोणी मराठी माणूस खांदे उडवताना मी पाहिला नाही. एका ठिकाणी कोळ्याची बायको नवऱ्याला प्रिये म्हणाली, आता नवऱ्याला प्रिये? हे छापण्याआधी एकदा कोणाला मोठ्यानं वाचून दाखवलं असतं तरी कळलं असतं. आणि कथांखाली लेखकांची, भाषांतरकारांची नावं नाहीत, सगळी शेवटच्या पानावर एकत्र दिली आहेत, कोणती कथा कोणाची ते कळत नाही. सातवी कथा लिहिणाऱ्याला मला पत्र लिहायचं आहे. कोणाला लिहू? प्रकाशकांनी एवढं तरी सांगावं.

कागद चांगला आहे, जाडसर, पिवळट, रात्री बॅटरीच्या उजेडात चमकत नाही. अक्षर मोठं, चष्मावाल्यांना त्रास नाही. चित्रं फक्त कव्हरवर, आत नाहीत, आणि ते बरंच झालं. साडेतीनशे रुपये मला जास्त वाटले नाहीत, सातवी आणि पंचनाम्याची एवढ्या दोनच कथा असत्या तरी मी दिले असते. नवीन वाचणाऱ्यानं पहिल्यापासून सुरू करू नये, पहिली कथा शहरातल्या भांडणाचीच आहे, तिथेच कंटाळून ठेवून द्याल. आधी पंचनाम्याची वाचा, मग बंदराची, मग सातवी. सातवी रात्री एकट्यानं वाचा.

बाइंडिंग मात्र कच्चं आहे. नुसतं डिंकावर चिकटवलं आहे, पाचव्या रात्री मधली सोळा पानं सुटून हातात आली, आणि नेमकी सातव्या कथेची. चुलतभाऊ म्हणाला, टेप लाव बे. टेप दहिवरात टिकत नाही. शेवटी पोते शिवायचा दाभण घेतला, आबाजींच्या पेटीत त्यांनी वळलेलं सूत अजून होतं, त्यानं सगळं पुस्तक पाठीतून शिवून काढलं. आता आमच्या बुद्धविहारातल्या कपाटात ठेवलं आहे, वहीत नाव लिहून कोणीही नेऊ शकते, सध्या भाचीच्या मैत्रिणीकडे आहे.